प्रावरणाच्या तळाशी दिसलेली पायरी: एका संशोधनप्रश्नाचा प्रकरण अभ्यास

भूकंपलेखावर दोन ठळक लहरींच्या मधे उमटलेली एक बारीकशी हालचाल. या प्रकरणातला सगळा वाद तिच्यावरून झाला. ती लहर प्रावरणाच्या, म्हणजे कवच आणि गाभा यांच्या मधल्या जाड थराच्या, तळाजवळच्या एका सीमेवरून परतलेली आहे, असे एका शोधछात्रेचे म्हणणे होते. त्या सीमेत साठ-सत्तर किलोमीटरची पायरी असल्याचेही तिच्या नकाशात दिसत होते. पायरी खरी ठरती तर गाभ्यालगतच्या तापमानाबद्दल मोठे विधान करता आले असते. पुढे काय झाले, कुठे कोणता निर्णय घेतला गेला आणि का, ते इथे मांडले आहे. माणसांची आणि संस्थेची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

पार्श्वभूमी

माणसाने पाडलेले सर्वांत खोल छिद्र रशियातल्या कोला द्वीपकल्पावरचे. त्याची खोली १२ किलोमीटरहून थोडी जास्त आहे. गाभ्याची सीमा २८९१ किलोमीटरवर आणि पृथ्वीचे केंद्र ६३७१ किलोमीटरवर. त्यामुळे अंतरंगातल्या सीमा कळतात त्या लहरींच्या वागण्यावरूनच. बहुतेक सीमांचा शोध एकाच रीतीने लागला: हाती असलेल्या प्रारूपात न बसणारी लहर कुणाला तरी दिसली आणि तिचा अर्थ लावण्यासाठी प्रारूप बदलावे लागले. भूकंपशास्त्रज्ञ मोहोरोव्हिचिच यांना १९०९ च्या झाग्रेबजवळच्या भूकंपातून कवचाचा तळ सापडला तो असाच.

यातले डॅनिश भूकंपशास्त्रज्ञ इंगे लेमान यांचे उदाहरण या प्रकरणाच्या सर्वांत जवळचे आहे. १९२९ च्या न्यूझीलंडमधल्या भूकंपाच्या लहरी अशा ठिकाणी नोंदल्या गेल्या, जिथे गाभ्याच्या छायेमुळे, म्हणजे गाभा लहरींची वाट वळवत असल्यामुळे, त्या पोहोचायलाच नको होत्या. अशा लहरी विवर्तनाने, म्हणजे कडेवरून वळून, छायेत येत असाव्यात असा तेव्हाचा समज होता. लेमान यांनी १९३६ मध्ये दुसरे स्पष्टीकरण मांडले: गाभ्याच्या आत आणखी एक गाभा आहे आणि त्याच्या पृष्ठावरून या लहरी परततात. आज त्या अंतर्गाभ्याची त्रिज्या सुमारे १२२० किलोमीटर धरली जाते. लहर तीच होती, प्रश्न तिच्या दोन स्पष्टीकरणांतून निवड करण्याचा होता. या शोधछात्रेच्या संशोधनगटापुढेही नेमका हाच प्रश्न आला.

आता प्रावरणाच्या तळाकडे येऊ. भूकंपशास्त्रज्ञ बुलेन यांनी १९४० च्या दशकात पृथ्वीच्या थरांना ए पासून जी पर्यंत अक्षरे दिली. त्यांतली बहुतेक मागे पडली. प्रावरणाच्या अगदी तळच्या, दोन-तीनशे किलोमीटर जाडीच्या पट्ट्याला मिळालेले ‘डी डबल प्राइम’ हे नाव मात्र टिकले. लेय आणि हेल्मबर्गर यांनी १९८३ मध्ये दाखवले की काही प्रदेशांखाली, गाभ्याच्या सुमारे २८० किलोमीटर वर, दुय्यम लहरींचा म्हणजे प्रवासाच्या दिशेला काटकोनात हलवणाऱ्या एस-लहरींचा वेग अडीच-तीन टक्क्यांनी एकदम वाढतो. हे कशामुळे होते याचे पटेल असे उत्तर त्यानंतर वीस वर्षे नव्हते. २००४ मध्ये हिऱ्यांच्या ऐरणीत, म्हणजे दोन हिऱ्यांच्या टोकांमधे नमुना दाबून, केलेल्या प्रयोगांतून आणि गणनांतून कळले की खालच्या प्रावरणातले मुख्य खनिज, ज्याला पुढे २०१४ मध्ये ब्रिजमनाइट हे नाव मिळाले, सुमारे १२५ गिगापास्कल दाबाला आणि २५०० केल्विनच्या आसपास तापमानाला आपली स्फटिकरचना बदलते. नव्या रचनेला पोस्ट-पेरोव्हस्काइट म्हणतात. गाभ्याच्या सीमेवरचा दाब १३६ गिगापास्कलच्या आसपास असतो, म्हणजे हे रूपांतर तळाच्या थोडेसे वर व्हायला हवे. आकडे जुळले आणि या क्षेत्रात उत्साहाची लाट आली.

या उत्साहामागे एक ठोस कारण होते. रूपांतराची खोली तापमानावर अवलंबून असते. तापमान जास्त असेल तर रूपांतराला जास्त दाब लागतो, म्हणून सीमा खाली जाते. थंड भागात ती वर येते. दर केल्विनला साधारण ८ ते १० मेगापास्कल असा उतार धरला आणि तिथे दाब दर किलोमीटरला ०.०५७ गिगापास्कलच्या आसपास वाढतो हे लक्षात घेतले, तर सीमेतल्या साठ-सत्तर किलोमीटरच्या फरकाचा अर्थ सुमारे ४०० केल्विनचा फरक असा होतो. ज्या खोलीवर कोणतेही उपकरण कधी पोहोचणार नाही, तिथला हा जवळजवळ तापमापकच. त्यातून गाभ्यातून प्रावरणात किती उष्णता जाते याचा अंदाज काढता येतो. ही उष्णता ५ ते १५ टेरावॉटच्या दरम्यान असावी असे मानले जाते. पल्ला एवढा रुंद आहे म्हणूनच तो अरुंद करण्याची ओढ मोठी आहे. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र किती काळ टिकले आणि अंतर्गाभा कधी गोठू लागला, हे प्रश्नही याच आकड्याला बांधलेले आहेत.

गटाने निवडलेला प्रदेश या विषयात सर्वांत जास्त पाहिला गेलेला: मध्य अमेरिका आणि कॅरिबियनखालचा प्रावरणाचा तळ. दक्षिण अमेरिकेतले खोल भूकंप आणि उत्तर अमेरिकेतली दाट भूकंपमापक जाळी यांच्या बरोबर मधोमध तो येतो. फिरत्या जाळीतली सुमारे ४०० उपकरणे साधारण ७० किलोमीटरच्या अंतराने लावून २००४ पासून ती पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकवली गेली आणि त्या नोंदी सर्वांना खुल्या आहेत. स्वतःचे एकही उपकरण नसलेला छोटा गटसुद्धा यावर काम करू शकतो, ही या क्षेत्राची फार मोठी कमाई आहे असे मला वाटते.

नेमकी अडचण

शोधछात्रेने पाचशे किलोमीटरहून खोल झालेले भूकंप निवडले होते. खोल भूकंप घेतले की जमिनीवर आपटून खाली परतणाऱ्या लहरी काही मिनिटे उशिरा येतात आणि हव्या त्या वेळेत गर्दी करत नाहीत. तिने आडव्या दिशेची कंपने घेतली, कारण त्यांत एस-लहरीचे पी-लहरीत (दाब देत पुढे जाणाऱ्या प्राथमिक लहरीत) रूपांतर होण्याचा घोळ कमी असतो. भूकंप आणि उपकरण यांच्यातले अंतर ६५ ते ८३ अंश (हे अंतर पृथ्वीच्या केंद्राशी होणाऱ्या कोनात मोजतात). याहून जवळ गेले तर दोन-तीन टक्क्यांच्या वेगवाढीवरून परतणारी लहर फार क्षीण असते. याहून दूर गेले तर ती थेट आलेल्या एस-लहरीत मिसळून जाते.

या अंतरावर आधी थेट एस येते आणि थोड्या वेळाने गाभ्याच्या पृष्ठावर आपटून परतलेली एससीएस येते. या दोन्हींच्या मधे, नोंदी एकमेकींवर रचून बेरीज केली की, एक लहानसे शिखर दिसत होते. त्याची आणि एससीएसची वेळ यांतल्या फरकावरून तिने परावर्तन करणाऱ्या सीमेची गाभ्यापासूनची उंची काढली. गणितासाठी सरासरी पृथ्वीचे, म्हणजे वेग फक्त खोलीनुसार बदलतो असे मानणारे प्रारूप वापरले. नकाशात पश्चिमेकडे सीमा उंच होती, पूर्वेकडे खाली होती आणि मधे पायरी होती.

प्रबंधाचा मुख्य प्रश्न तिने असा लिहिला होता: ‘पोस्ट-पेरोव्हस्काइटच्या सीमेतली पायरी कुठे आहे आणि ती किती तापमानफरक दाखवते?’ परिषदेसाठीचा सारांश तयार होता. गटाच्या बैठकीत मात्र शंका निघाल्या आणि त्या वेगवेगळ्या दिशांनी आल्या.

पहिली शंका संगणकीय सहकाऱ्याची. वेळ मोजली आहे, उंची मोजलेली नाही. मधल्या थरातला वेग चुकीचा धरला तर उंचीही चुकते. आणि या लहरी तळाजवळून जवळजवळ आडव्या जातात, त्यामुळे चूक वाढून पोहोचते. ढोबळ हिशेबाने, त्या थरातला वेग एक टक्क्याने कमी असेल तर सीमा पंधरा-वीस किलोमीटर उंच असल्यासारखी भासते. प्रावरणाच्या तळाशी एस-लहरींच्या वेगात दोन-तीन टक्क्यांचे प्रादेशिक फरक नेहमीचे आहेत.

दुसरी शंका दिशेची. लहर भूकंपापासून उपकरणापर्यंतच्या सरळ उभ्या प्रतलातूनच आली असे नकाशात गृहीत धरले होते. बाजूला उभा असलेला एखादा उतार किंवा गाडल्या गेलेल्या भूपट्टाचा दुमडलेला तुकडाही लहर परत पाठवू शकतो. असे असेल तर ‘उंची’ला अर्थच उरत नाही.

तिसरी शंका उपकरणांखालची. कवचात वरखाली आपटून येणारा प्रतिध्वनी एस-लहरीनंतर दहा-वीस सेकंदांत येतो आणि शिखर त्याच सुमाराला दिसत होते.

सर्वांत नेमकी शंका खनिजभौतिकीच्या सहकाऱ्याने काढली. प्रकाशित त्रिमितीय वेगनकाशे, म्हणजे लहरी कुठे जलद आणि कुठे मंद जातात याचे नकाशे, शेजारी ठेवून त्याने दाखवले की जिथे सीमा उंच दिसते तोच भाग वेगाने मंद आहे. मंद म्हणजे बहुधा उष्ण. उष्ण भागात पोस्ट-पेरोव्हस्काइटची सीमा खाली जायला हवी. नकाशात ती वर गेली होती. म्हणजे एक तर सीमा दुसऱ्याच कशाची आहे, किंवा पायरी मुळात वेगफरकाची सावली आहे.

समोरचे पर्याय

सारांश आहे तसा पाठवावा, फक्त त्रुटीच्या रेषा, म्हणजे आकडा किती चुकू शकतो ते दाखवणाऱ्या रेषा, रुंद कराव्यात, हा पहिला पर्याय. त्याच्या बाजूने एक खरे कारण होते. याच प्रदेशावर इतर गटही काम करतात आणि प्रबंधाची मुदत थांबत नाही. पण त्रुटीची रेषा कितीही रुंद केली तरी ती चुकीच्या गृहीतकाभोवतीच रुंद होते. वाचकाला ती यादृच्छिक त्रुटी वाटते आणि प्रत्यक्षात ती एका दिशेने ओढणारी असते.

दुसरा पर्याय पूर्ण त्रिमितीय लहर-अनुकरणाचा: संपूर्ण पृथ्वीतून लहरी संगणकावर चालवायच्या आणि नोंदींशी ताडून पाहायच्या. शास्त्रीयदृष्ट्या हा सर्वांत भक्कम. अडचण खर्चाची. लहरीचा आवर्तकाल निम्मा केला की गणना साधारण सोळा पट होते, कारण तिन्ही मिती आणि वेळ असे चारही अंगांनी जाळे बारीक करावे लागते. सहा-सात सेकंदांच्या लहरींसाठी डझनभर भूकंप आणि निरनिराळी प्रारूपे चालवणे या गटाच्या आवाक्यात नव्हते.

तिसरा पर्याय प्रश्नच अरुंद करण्याचा होता. पायरी किती, हे विचारण्याऐवजी असे विचारायचे: सगळ्या स्वतंत्र कसोट्यांवर टिकणारी परावर्तक सीमा या प्रदेशात कुठे आहे, आणि नोंदींचे स्पष्टीकरण द्यायला तिच्यात किमान किती उंचसखलपणा लागतोच?

विषय बदलून अतिमंद वेगाच्या क्षेत्रांकडे वळावे, असाही विचार निघाला. गाभ्यालगतच्या या दहा-वीस किलोमीटर जाडीच्या तुकड्यांत एस-लहरींचा वेग तीस टक्क्यांपर्यंत घटतो आणि तिथले संकेत ठळक असतात. पण तिथेही जाडी आणि वेग यांची अदलाबदल असतेच, म्हणून हा पर्याय लवकर बाजूला पडला.

निर्णयाची जागा: प्रश्न बदलणे

मार्गदर्शिका तिसऱ्या पर्यायाच्या बाजूने होत्या, शोधछात्रा नव्हती. तिचे म्हणणे समजण्यासारखे होते: “मॅडम, किमान किती लागते एवढेच सांगितले आणि उत्तर शून्य आले, तर माझ्या हातात काय राहिले?” मार्गदर्शिकांनी तिला एक काम दिले: “पायरी नाहीच असे धर आणि तरी तुझ्या नकाशात काय दिसेल ते आधी मला काढून दाखव.”

या एका वाक्याने प्रकरणाची दिशा बदलली असे मी मानतो. तोपर्यंत सगळे काम ‘पायरी आहे, किती आहे’ या रुळावर चालले होते. सपाट सीमा आणि प्रकाशित वेगनकाशा एवढ्यावर तिने कृत्रिम वेळा काढल्या, त्या आपल्याच पद्धतीतून पुन्हा उंचीत बदलल्या आणि पायरीचा बराचसा भाग तिच्यासमोर आपोआप उभा राहिला. त्यानंतर प्रश्न बदलायला कोणी तिची समजूत काढावी लागली नाही. सारांश पाठवला गेला नाही.

दुसरा निर्णयही त्याच बैठकीत झाला. आणखी नोंदी पाहण्याआधी प्रत्येक स्पष्टीकरण खरे असेल तर काय दिसले पाहिजे, हे लिहून ठेवायचे. कवचातला प्रतिध्वनी असेल तर तो एस-लहरीमागून प्रत्येक अंतरावर जवळजवळ तेवढ्याच सेकंदांनी येईल. खोल सीमेवरचे परावर्तन असेल तर अंतर वाढेल तसे ते एसकडे सरकेल. बाजूचा उतार असेल तर लहरीची दिशा उपकरणांच्या गटावर तिरकी दिसेल. फक्त वेगफरक असेल तर दुरुस्ती केल्यावर पायरी विरेल, शिखर मात्र राहील. या तक्त्याचा उपयोग पुढे वारंवार झाला. नोंद पाहून झाल्यावर अर्थ लावायला बसले की मन सोयीचा अर्थ शोधते, आणि संकेत क्षीण असेल तेव्हा ही सवय सर्वांत घातक ठरते.

काय केले

कवचातल्या प्रतिध्वनीची शंका लवकर निकालात निघाली. बहुतेक नोंदींत शिखर अंतरानुसार सरकत होते. थोडी स्थानके अशी होती जिथे ते एसला चिकटून राहिले. ती वगळली.

दिशेची तपासणी जास्त वेळखाऊ ठरली. उपकरणे छोट्या छोट्या गटांत वाटून प्रत्येक गटावरून लहर कोणत्या दिशेने आणि किती तिरकी येते हे मोजायचे होते. गट लहान ठेवला तर दिशा अस्पष्ट येते. मोठा केला तर त्याच्या दोन टोकांखालचे वरचे प्रावरणच वेगळे असते आणि लहरी एकमेकींशी जुळेनाशा होतात. पश्चिम अमेरिकेखालचे वरचे प्रावरण मंद आहे, पूर्वेकडचे जलद. फिरती जाळी या दोन्ही भागांतून गेली, त्यामुळे ही अडचण टाळता येण्यासारखी नव्हती. शेवटी प्रत्येक ठिकाणी दोन आकारांचे गट करून पाहिले आणि दोन्हींत जुळणारे निष्कर्ष तेवढेच ठेवले.

वेगाची दुरुस्ती करताना एकच वेगनकाशा वापरण्याचा मोह होता. जो सर्वांत नवा तो घ्यावा, असे सुचवलेही गेले. पण हे नकाशे मोठ्या पल्ल्यावर एकमेकांशी चांगले जुळतात. आफ्रिका आणि प्रशांत महासागराखालचे दोन प्रचंड मंद प्रदेश सगळ्यांत दिसतात. काहीशे किलोमीटरच्या पातळीवर मात्र त्यांची मते फुटतात आणि पायरीची रुंदी नेमकी तेवढीच होती. म्हणून अनेक नकाशे घेऊन प्रत्येक नकाशावरून उंची वेगळी काढली आणि त्या उत्तरांतली तफावत हीच खरी अनिश्चितता धरली. आधीच्या त्रुटीच्या रेषेपेक्षा ती बरीच मोठी निघाली.

या लहरींना छेदून दुसऱ्या दिशेने जाणाऱ्या लहरी मिळाल्या असत्या तर निर्णय सोपा होता. पण खोल भूकंप काही थोड्याच प्रदेशांत होतात आणि ते आपल्या सोयीच्या जागी घडवता येत नाहीत. दुसऱ्या दिशेने त्या भागातून गेलेल्या थोड्याच नोंदी हाती लागल्या, त्याही गोंगाटाच्या. नकाशाच्या एका लहान तुकड्यासाठी मात्र त्या उपयोगी पडल्या.

सर्वांत महत्त्वाचा टप्पा होता ओळख झाकून केलेल्या चाचणीचा. संगणकीय सहकाऱ्याने कृत्रिम नोंदी तयार केल्या. काहींत सपाट सीमा होती, काहींत उंचसखल सीमा होती, आणि काहींत सीमाच नव्हती, फक्त त्रिमितीय वेगफरक होता. त्यांत खऱ्या स्थानकांवरचा गोंगाट मिसळला आणि कोणती नोंद कसली हे न सांगता सगळ्या शोधछात्रेकडे दिल्या. इथे पूर्ण पृथ्वीचे अनुकरण थोड्याच भूकंपांपुरते, लांब आवर्तकालाला करावे लागले, म्हणजे दुसऱ्या पर्यायाचा एक तुकडा अखेर वापरला गेलाच.

चाचणीत सीमा असलेल्या नोंदी तिने चांगल्या ओळखल्या. पण सीमाच नसलेल्या काही नोंदींतही तिला शिखर सापडले, विशेषतः ८० अंशांच्या पुढे, जिथे एस आणि एससीएस जवळ येतात आणि एसची शेपटी मधली जागा भरून टाकते. यावरून दोन नियम ठरले. त्या अंतरापलीकडच्या नोंदी उंचीच्या गणनेत घ्यायच्या नाहीत. आणि शिखर मान्य करायचे तर ते शेजारच्या, सामायिक नोंद नसलेल्या गटातही दिसले पाहिजे. नियम लागू केल्यावर हातातल्या मोजमापांचा मोठा भाग गळाला. हा दिवस शोधछात्रेला जड गेला, आणि तरीही तिने नियम खऱ्या नोंदींवर लावण्याआधीच गटात लेखी वाटले, म्हणजे नंतर ते सैल करता येऊ नयेत. या प्रकरणात मला सर्वांत जास्त आदर वाटतो तो याचा.

निष्पत्ती

प्रदेशाच्या पश्चिम आणि मध्य भागात परावर्तक सीमा सगळ्या कसोट्यांवर टिकली. ती गाभ्यापासून अडीचशे ते तीनशे किलोमीटर वर येते, म्हणजे १९८३ पासून सांगितल्या जाणाऱ्या पल्ल्यातच. पायरी टिकली नाही. साठ-सत्तर किलोमीटरपैकी सुमारे पन्नास वेगाच्या दुरुस्तीत विरले आणि उरलेला भाग वेगनकाशांतल्या तफावतीपेक्षा लहान होता. ‘पायरी नाही’ असे गटाने लिहिले नाही. ‘या नोंदींना पायरीची गरज नाही, आणि असलीच तर ती अमुक उंचीपेक्षा मोठी नाही’ असे लिहिले. तापमानाच्या फरकाचा आकडा काढून टाकला आणि त्याच्या जागी वरची मर्यादा दिली. ४०० केल्विनच्या दाव्यापुढे ती फिकी दिसते, पण उष्णताप्रवाहाची प्रारूपे करणाऱ्यांना तिच्यावर विसंबता येते.

पूर्वेकडच्या भागात लहरी सरळ प्रतलातून येत नव्हत्या. तिथे उंची सांगणे शक्यच नव्हते. आता तो भाग नकाशात कसा दाखवायचा यावर वाद झाला. लेखाच्या एका परीक्षकाचे मत तो पूर्ण काढून टाकावा असे होते. गटाने तो राखाडी ठेवला आणि ‘परावर्तन आहे, जागा अनिर्णित’ अशी नोंद केली. मला हा निर्णय योग्य वाटतो. कोरी जागा पाहून वाचक तिथे सीमा नाही असे समजतो आणि पुढची प्रारूपे त्या समजावर उभी राहतात.

सीमा किती तीक्ष्ण आहे, हा खनिजभौतिकीच्या सहकाऱ्याचा प्रश्न अर्धवट सुटला. खनिजात लोह आणि अ‍ॅल्युमिनियम मिसळले की रूपांतर एका ठरावीक खोलीवर न होता पट्ट्यात होते, आणि प्रयोगांत हा पट्टा कधी कधी बराच रुंद निघतो. म्हणून लहरींकडून जाडीची मर्यादा मिळाली तर ती त्याला हवी होती. पण या लहरी सीमेवर अगदी तिरक्या पडतात, आणि तिरक्या पडलेल्या लहरीला काही दहा किलोमीटर जाडीचा पट्टाही सीमेसारखाच वाटतो. शिवाय तळाजवळ एस-लहरीचा वेग सेकंदाला सव्वासात किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सहा सेकंदांच्या लहरीची लांबीच त्रेचाळीस-चव्वेचाळीस किलोमीटर. त्याहून बारीक काही या नोंदींतून दिसणार नव्हते. गटाने तेवढेच स्पष्ट लिहिले आणि ‘तीक्ष्ण’ हा शब्द लेखातून वगळला.

प्रबंध नव्या प्रश्नावर पूर्ण झाला. आपल्या हाती काय राहील, या शोधछात्रेच्या भीतीचे उत्तर तिच्या चाचणीने दिले. तिने तयार केलेला कृत्रिम नोंदींचा संच आता गटात नव्या माणसाला काम शिकवायला वापरतात.

वेगळे काय करता आले असते

वेगनकाशाशी तुलना फार उशिरा झाली. उंचीचा नकाशा आणि प्रकाशित वेगनकाशा एका कागदावर ठेवणे हे काही तासांचे काम. ते पहिल्याच आठवड्यात झाले असते तर उंच भाग मंद आहे ही विसंगती तेव्हाच दिसली असती. खनिजभौतिकीचा सहकारी गटात होता, पण त्याला बोलावले गेले ते निष्कर्ष दाखवायला. प्रश्न लिहिताना तो खोलीत असायला हवा होता, कारण सीमा उष्ण भागात खाली जाते की वर, ही त्याच्यासाठी पहिली ओळ होती.

ओळख झाकलेल्या चाचणीबद्दल माझा थोडा वेगळा आग्रह आहे. ती खऱ्या नोंदी पाहून झाल्यावर घेतली गेली. तोपर्यंत शोधछात्रेची नजर एका विशिष्ट आकाराच्या शिखराला सरावली होती. शिखर निवडणाऱ्या दोन व्यक्ती असत्या आणि त्यांतल्या एकीने खऱ्या नोंदी आधी पाहिल्याच नसत्या, तर सवयीचा भाग किती आणि संकेताचा किती, हे वेगळे काढता आले असते. छोट्या गटात माणसे कमी असतात हे खरे, पण अशा निवडीसाठी काही दिवस पुरतात.

पी-लहरी वापरल्या गेल्या नाहीत, याचे मला सर्वांत जास्त वाईट वाटते. पोस्ट-पेरोव्हस्काइटमध्ये एस-लहरींचा वेग वाढतो, पण पी-लहरींचा फारच थोडा बदलतो किंवा किंचित घटतो. त्यामुळे त्या सीमेवरून परतणाऱ्या पी-लहरीची दिशा, म्हणजे पहिली हालचाल वर की खाली, सीमा रासायनिक घडणीतल्या बदलाची आहे की स्फटिकाच्या रूपांतराची हे ठरवायला मदत करते. त्याच भूकंपांच्या, त्याच स्थानकांवरच्या पी-नोंदी खुल्या संग्रहात पडून होत्या. सगळी साधने आडव्या कंपनांसाठी बांधली गेली होती म्हणून त्या मागे राहिल्या. पी-लहरीतला हा संकेत आणखी क्षीण असतो आणि एका भूकंपावरून तो दिसत नाही. अनेक भूकंप एकत्र रचावे लागतात आणि प्रत्येक भूकंपाच्या उगमावर लहर कोणत्या दिशेने निघाली याची दुरुस्ती आधी करावी लागते. ते काम आता पुढच्या शोधछात्राकडे आहे. त्याला नोंदी देण्याआधी भाकितांचा तक्ता भरून मागितला आहे, आणि त्यात ‘पी-लहरीचा संकेत दिसलाच नाही तर काय मानायचे’ हा रकाना या वेळी सर्वांत वर आहे.